शिकाऱ्याच्या पायांची ऊब

बडोद्याच्या उत्तरेस, मही नदीच्या काठाजवळ नंदेसरी हे गाव आहे. आज ते रासायनिक कारखान्यांमुळे ओळखले जाते. पण पौषातल्या पहाटे नदीकाठच्या दंवाने भिजलेल्या गवतातून जो चालेल, त्याला एक गोष्ट सहज पटेल. बर्फाचा मागमूस नसतो, अंगावर पुरेसे कपडे असतात, तरीही पायांची बोटे बधिर होतात. थंडीपेक्षा ओलीचे हे काम. स्थिर हवेच्या मानाने पाणी उष्णता सुमारे २५ पट अधिक वाहून नेते. सुती मोजा पाणी शोषून घेतो आणि ते पायाशी धरून ठेवतो. लोकर भिजली तरी तिच्या तंतूंत थोडी हवा, आणि म्हणून थोडी ऊब, शिल्लक राहते.

बडोद्याच्या दरबारी शिकारीत हा प्रश्न फारसा उद्भवला नसावा. खंडेराव महाराजांच्या पदरी शिकारी चित्ते होते, आणि १८६४ च्या सुमारास त्यांचा पाहुणा असलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्या शिकारीचे वर्णन करून ठेवले आहे. डोळे झाकलेला चित्ता बैलगाडीतून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा, झापड काढायची आणि पुढचे पाहत राहायचे. रान कोरडे, आणि धावण्याचे कष्ट चित्त्याकडे!

पायांची खरी परीक्षा हिमालयात होई. काश्मीरचा पहाडी शिकारी भाताच्या पेंढ्याचे विणलेले जोडे घाली. त्यांना तिकडे पुलहोर म्हणतात. हे जोडे निसरड्या खडकावर पकड घेत, आत शिरलेले पाणी अडवून ठेवीत नसत, आणि मुख्य म्हणजे पाय आवळीत नसत. ते झिजतही लवकर; म्हणून लांब वाटेवर जादा जोड जवळ ठेवावा लागे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरीची पट्टी गुंडाळण्याची चालही याच डोंगराळ मुलखातली. हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेने ती उचलली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती सबंध ब्रिटिश सैन्याच्या गणवेशात गेली. इंग्रजी कोशातला 'पटी' हा शब्द म्हणजे आपली पट्टीच होय.

पट्टी गेली, ती कशी आणि कोठे बांधायची, हे शहाणपण मात्र मागे राहिले. डोंगरात माणूस सारखा चालत असतो, पट्टी भिजली तर थांबून सोडतो, पुन्हा बांधतो. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्स व फ्लँडर्सच्या खंदकांत सैनिक गुडघाभर चिखलात तासन् तास निश्चल उभे राहिले. भिजलेली लोकर आटली, पट्ट्या आवळल्या, बूट आवळले, आणि पायांचा रक्तप्रवाह मंदावला. पाय प्रथम बधिर होत, मग सुजत, काळे पडत. कित्येकांची बोटे कापावी लागली. त्या एका हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात या विकाराचे सुमारे २०,००० रुग्ण झाले. हिंदी पलटणी सप्टेंबरअखेर मार्सेय बंदरात उतरल्या होत्या, त्या उष्ण हवेच्या कपड्यांनिशी. त्यांत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या होत्या, आणि त्या पथकात मराठेही होते. २८ ऑक्टोबरला न्यू शापेलच्या लढाईत या कंपन्यांची भीषण हानी झाली. त्यानंतर जे उरले त्यांच्यापुढे हा चिखल होता.

उपाय सापडला तो अगदी साधा. रोज पाय पुसावे, व्हेल माशाचे तेल चोळावे, मोजे बदलावे, पट्ट्या सैल कराव्या. शिपायांच्या जोड्या लावून एकाने दुसऱ्याचे पाय तपासावे, असाही नियम झाला.

अमेरिकेत मेन राज्यातल्या लिऑन बीन नावाच्या शिकाऱ्याला हीच अडचण जंगलात जाणवली होती. भिजक्या पायांना कंटाळून त्याने १९१२ मध्ये खाली रबर व वर चामडे असा बूट विकायला काढला. पहिल्या शंभरांपैकी नव्वद जोड शिवण उसवून परत आले! त्याने सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढले आणि बूट सुधारला. तळाला पाणी लागू नये, वर घामाला वाट असावी, ही त्याची कल्पना टिकली. याला एकच जोड द्यावी लागते: बूट घेताना जाड मोजा घालूनच तो पायात घालून पाहावा, आणि आत बोटे मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबणारा माणूस एका मोज्याच्या माणसापेक्षा लवकर गारठतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचे दिवस संपले. पायांचा प्रश्न मात्र त्याआधी दहा वर्षे सीमेवर उभा राहिला होता. १९६२ च्या ऑक्टोबरात नेफाच्या उंच डोंगरांत आपले कित्येक जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत लढले. त्यांच्यातले काही गोळीने पडले, काही थंडीने. पेंढ्याचा जोडा विणणाऱ्या देशात हे घडले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे महाराष्ट्र म्हणाला. आणि त्याच हिवाळ्यात देशभर घरोघरी स्त्रिया जवानांसाठी लोकरीचे स्वेटर आणि मोजे विणीत बसल्या होत्या.