तांदळावरची बुरशी, १९७० चा कायदा आणि आप्पांची गोळी

आमच्या देऊळघाटात शेजारच्या आप्पांनी परवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलेला माणूस. म्हणे रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला? त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पाठवलेलं की ही गोळी म्हणजे नुसता कंपन्यांचा धंदा. धंदा आहेच, नाही कोण म्हणतं! पण या गोळीचा इतिहास वेगळाच आहे.

जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ होते, शेतकऱ्याच्या घरचे. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. ते काम करणारं एन्झाइम अडवेल असा पदार्थ एखाद्या बुरशीत असणार, असा त्यांचा कयास. १९७१ पासून हजारो बुरश्या तपासल्या. १९७३ ला सापडला, तोही क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत! त्यांच्या कंपनीने ते औषध पुढे अर्ध्यावर सोडलं. बाजारात पहिली स्टॅटिन आणली अमेरिकेच्या मर्कने, १९८७ साली. एंडोंना त्यातून पैसा मिळाला नाही. २०२४ मध्ये ते गेले.

गोळीने कोलेस्टेरॉल उतरतं हे दिसत होतं, पण माणूस वाचतो का? त्याचं उत्तर १९९४ ला उत्तर युरोपातून आलं. हृदयविकाराचे ४,४४४ रुग्ण, पाचेक वर्षं. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्के कमी.

आप्पांची गोळी अ‍ॅटोरवास्टॅटिन. अमेरिकेत ती १९९७ ला आली आणि २०११ संपत येईपर्यंत एकाच कंपनीच्या पेटंटखाली महाग विकली गेली. आपल्या कंपन्या मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून बनवत होत्या. कसं काय? इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यात औषधावरच मक्तेदारी मिळायची. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात त्यावर बोट ठेवलं, आणि १९७० चा कायदा आला, लागू झाला १९७२ ला. पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीला, औषधाला नाही. पद्धत बदला, तेच औषध बनवा. मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्या याच जोरावर वाढल्या. जागतिक व्यापार कराराच्या दबावाखाली २००५ ला ही वाट बुजली, पण तोवर स्टॅटिन आपल्या मेडिकलवर येऊन बसल्या होत्या.

हे सगळं ओट्यावर बसून आप्पांना सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच, हेपण सांगितलं. आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं, डॉक्टरला विचारतो एकदा." सोमवारी बुलढाण्याला जातोय, गाडी माझीच आहे.