शंट बसवल्यावरही नजर का गेली?

शंट म्हणजे डोक्यात बसवलेली नळी. मेंदूच्या पोकळ्यांत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते आणि रक्तात शोषले जाते. ही वाट तुंबली की पोकळ्या फुगतात. हेच हायड्रोसेफॅलस किंवा जलशीर्ष. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर हे त्याचे मोठे कारण. वाढलेला दाब दृष्टिनाडीच्या आवरणातून डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचतो, नाडीचे टोक सुजते. फसगत होते ती इथे: सुरुवातीला मूल अक्षरे नीट वाचते, फक्त वाकून उठले की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो. नाडीचे तंतू एकदा सुकले की नळीने दाब उतरला तरी ते पुन्हा जिवंत होत नाहीत. त्यामुळे दोष सहसा शस्त्रक्रियेचा नसतो, उशिराचा असतो. मात्र कानामागून कातडीखालून पोटात सोडलेली ही नळी पुढे कधीही तुंबू शकते आणि उरलीसुरली नजर झपाट्याने जाऊ शकते. क्षयावरचे इथॅम्ब्युटॉलही दृष्टिनाडीला इजा करू शकते, तेही तपासायला हवे.

अशा तपासणीसाठी वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे 1969 सालचे वैद्यकीय महाविद्यालय आणि सावंगी (मेघे) इथले महाविद्यालय, दोन्हीकडे नेत्रविभाग आहेत. शंट असलेल्या मुलाला डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि डोळ्यांचा मागचा पडदा तपासायला आवर्जून सांगावे. – संपादक