माझदा एमएक्स-५ : स्टिअरिंगमागचा स्विच घरीच बदलता येतो का?

१९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ या टू-सीटर स्पोर्ट्स कारमध्ये इंडिकेटर, हेडलाइट आणि वायपरच्या दांड्या एकाच कॉम्बिनेशन स्विचवर असतात. इतक्या वर्षांत त्यातलं ग्रीस सुकतं, कॉन्टॅक्ट काळे पडतात आणि इंडिकेटर दगा देतो. आधी फ्यूज आणि बल्ब मात्र तपासावेत. अनेकदा दोष तिथेच असतो.

स्विच घरी बदलता येतो, पण गाडीत एअरबॅग असेल तर घाई जिवावर बेतू शकते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ वीज साठलेली असते. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचंच. एअरबॅगच्या वायरला मल्टीमीटर लावायचा नाही आणि काढलेली एअरबॅग कव्हर वर करूनच ठेवायची.

चाकं सरळ करून स्टिअरिंग आणि शाफ्टवर खूण करावी. नट दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा, नाहीतर ओढताना स्टिअरिंग सुटून थेट तोंडावर येतं! एअरबॅगपर्यंत वीज नेणारी क्लॉक स्प्रिंग जागची फिरली तर पुढच्या वळणावर तिची पट्टी तुटू शकते, म्हणून ती टेपने पक्की करावी.

नवा स्विच बसवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटलेलाच राहिला, तर गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवावं.