पदकासोबत कागद आहे का?

संशोधनाचा विषय शोधताय, आणि नात्यात कुणाकडे संस्थानी काळातलं एखादं पदक आहे? मग आधी माझी चूक ऐका.

लातूर जिल्ह्यातल्या एका वाड्यात मला चांदीचं पदक दाखवलं. "निजामानं दिलंय पणजोबांना," घरचे म्हणाले. मी वहीत तसंच लिहून मोकळी झाले. पदकावर एका बाजूला राजा-राणीचे चेहरे, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. तो नंतर वाचून घेतला, तेव्हा कळलं की हे १९११ च्या दिल्ली दरबाराचं, पाचव्या जॉर्जचं पदक. अशी पदकं हजारोंनी काढली होती आणि ती घेणाऱ्याचं नाव न कोरताच देत. म्हणजे पणजोबांना ते मिळालं की कुणी बाजारातून आणलं, हे पदकावरून कळणारच नाही.

इथं एक फरक लक्षात ठेवा. पदक ही प्रसंगाची आठवण असते. 'स्टार ऑफ इंडिया'सारखी ऑर्डर म्हणजे राणीच्या मानकरी मंडळात प्रवेश. १८६१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा जागा फक्त २५. मानकरी वारला की मानचिन्ह परत करायचं, असा नियम होता. त्यामुळे कुणी अस्सल चिन्ह विकायला आणलं, तर ते त्याच्याकडे आलं कसं, हे आधी विचारा.

सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते. निजामाचे स्वतःचे खिताब वेगळेच: जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह. हे नावालाच जोडले जात. दिवाण सालारजंग यांचं मूळ नाव मीर तुराब अली खान. कागदांत एकच माणूस दोन नावांनी भेटतो, आणि आपण दोन माणसं मोजून बसतो.

आता गंमत बघा. १८५७ मध्ये इंग्रजांना साथ दिल्यामुळे निजाम अफजल-उद-दौला पहिल्याच यादीत आले. पण चिन्हावर व्हिक्टोरिया राणीचा चेहरा कोरलेला. सालारजंगांनी रेसिडेंटला कळवलं की परक्या तऱ्हेचा झगा घालणं इथल्या लोकांना रुचत नाही, आणि सजीवाची प्रतिमा अंगावर बाळगणं धर्मात बसत नाही. इंग्रजांच्या लेखी हा सन्मान होता, पण तो अंगावर चढवायचा म्हणजे राणीचं मांडलिकत्व सगळ्यांसमोर मिरवणं. ही ओढाताण काचेच्या कपाटातल्या चिन्हात दिसत नाही, ती पत्रव्यवहारात सापडते.

म्हणून पदक हातात आलं की तीन गोष्टी नोंदवा: त्यावर काय कोरलंय, ते घरात कुठल्या वाटेनं आलं, आणि सोबत सनद, पत्र किंवा फोटो आहे का. घरची आठवण 'आठवण' म्हणूनच लिहा. आणि पदक विकत मागू नका. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

मी त्या वाड्यात परत जाणार आहे. या वेळी पदक नको, कागदांची पेटी दाखवा म्हणेन.