घोडागाडी, बुलेट आणि कॅमेरा : डाकार ते सोलापूर

१/ ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. त्या दिवशी गावाकडे असंख्य कॅमेरे वळतात. पालखी पुढे सरकली की कॅमेरेही जातात. मग उरलेल्या वर्षाचे जगणे, म्हणजे ऊस, कारखाना, कॉलेज, मोटारसायकल, मोबाइल, हे कोणी टिपायचे? आजचा थ्रेड याच प्रश्नाविषयी आहे.

२/ हा प्रश्न पश्चिम आफ्रिकेत फार तीव्रतेने उभा राहिला होता. सेनेगलवर फ्रेंचांची सत्ता होती. १९३४ च्या ‘लाव्हाल’ फर्मानानुसार आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत चित्रीकरण करण्यासाठी सरकारी परवानगी सक्तीची झाली. परिणामी आफ्रिका पडद्यावर दिसे, पण आफ्रिकी माणसाच्या नजरेतून नव्हे. १९६० मध्ये सेनेगल स्वतंत्र झाला आणि चित्र पालटू लागले.

३/ उस्मान सेम्बेन (१९२३–२००७) यांनी मार्सेय बंदरात गोदी कामगार म्हणून काम केले आणि फ्रेंच भाषेत कादंबऱ्या लिहिल्या. मात्र ज्यांच्याविषयी आपण लिहितो, त्यांतील बहुतेकांना आपले पुस्तक वाचताच येत नाही, ही जाणीव त्यांना छळत होती. म्हणून वयाच्या चाळिशीजवळ ते मॉस्कोला गेले आणि चित्रपटकला शिकले. १९६३ च्या ‘बोरोम सारेत’ या लघुपटाचा नायक आहे डाकारमधला एक गरीब घोडागाडीवाला. श्रीमंत वस्तीत गाडी नेली म्हणून पोलीस त्याची गाडीच जप्त करतो. देश स्वतंत्र झाला होता. शहरातली ती सीमारेषा मात्र पुसली गेली नव्हती.

४/ १९६८ मध्ये त्यांनी ‘मांदाबी’ हा चित्रपट वोलोफ या लोकभाषेत केला. पॅरिसमधला भाचा मनीऑर्डर पाठवतो. ती वटवायला ओळखपत्र हवे, ओळखपत्राला जन्माचा दाखला हवा, फोटो हवा. दाखल्यासाठी सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही ही कथा परकी वाटणार नाही.

५/ आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जब्बार पटेल यांचा जन्म पंढरपूरचा. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला त्यांचा ‘सामना’ (१९७४) पुढच्या वर्षी बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. साखर कारखाना आणि सहकार यांतून आलेली सत्ता हे त्याचे केंद्र आहे. हिंदुराव धोंडे-पाटील हा या नव्या सत्तेचा धनी. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी त्याला जाब विचारणारा मास्तर मात्र गावाबाहेरून आलेला आहे. स्वतः मारुतीची बाजू आपल्याला इतरांच्या तोंडूनच कळते.

६/ ती बाजू पडद्याच्या मध्यभागी यायला आणखी चार दशके जावी लागली. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१३ मध्ये ‘फँड्री’ केला. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. शाळेत जाणारा जब्या घरच्यांसोबत डुक्कर धरायला जुंपला जातो. मध्येच राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागीच ताठ उभे राहते. पुढे मारलेले डुक्कर ज्या भिंतीवरून नेले जाते, तिच्यावर डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रे आहेत. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो.

७/ २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. नायिका आर्चीच्या भूमिकेत होती नातेपुत्याच्याच माळशिरस तालुक्यातील अकलूजची रिंकू राजगुरू. तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. राजकारणी पाटलाची ही मुलगी बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. मासेमारी करणाऱ्या घरातल्या परश्यावर तिचे प्रेम जडते आणि दोघे हैदराबादला पळून जातात.

८/ इथे पुन्हा डाकार आठवते. जिब्रिल दियॉप माम्बेती यांच्या ‘तुकी बुकी’त (१९७३) मोरी आणि आन्ता हे प्रेमी बैलाची शिंगे लावलेल्या मोटारसायकलवरून फिरतात आणि पॅरिसला पळून जाण्याची स्वप्ने पाहतात. ऐन वेळी मोरी जहाजावर चढत नाही. आन्ता एकटी निघून जाते. परतायचे की नाही हे ठरवण्याची मुभा निदान मोरीला होती. आर्ची आणि परश्या गाव सोडतात, संसार मांडतात, तरी गावच त्यांना शोधत येते. त्यानंतरची शेवटची दृश्ये आवाजाविना आहेत.

९/ ‘आधुनिक जीवन’ म्हटले की आपल्याला यंत्रे आठवतात. या कलावंतांनी यंत्रे दाखवलीच, पण ती कोणाला कुठवर नेतात हेही दाखवले. घोडागाडी श्रीमंत वस्तीच्या हद्दीवर अडते, मनीऑर्डर कागदांत अडकते, बुलेट चालवणारी मुलगी जातीपाशी अडवली जाते. हे अडणे ज्यांनी जवळून पाहिले, त्यांच्याच हाती कॅमेरा आला तेव्हा ते इतके स्पष्ट दिसले.

१०/ जमल्यास ‘मांदाबी’ आणि ‘फँड्री’ लागोपाठ पाहा. आणि तुमच्या गावचे साधे, रोजचे जगणे कोणी चित्रित केले असेल, तर त्याविषयी इथे जरूर लिहा.