प्रोसेको : एका नावाचा प्रवास

त्रिएस्ते हे एड्रियाटिक समुद्राकाठचे बंदर. १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. पुढे इटलीकडे आले. त्याच्या माथ्यावर, चुनखडीच्या पठाराच्या कडेला, प्रोसेको नावाचे एक लहानसे गाव आहे. जगभरच्या मेजवान्यांत जी फसफसणारी पांढरी ‘प्रोसेको’ वारुणी ओतली जाते, तिला नाव मिळाले ते या गावाचे. तिचा फेस मात्र या गावचा नव्हे.

द्राक्षाचे वेल मुलूख बदलतात, पण माहेरचे नाव पुष्कळदा सोडीत नाहीत. याही वेलाचे तसेच झाले. शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने या गावांमधल्या उभ्या टेकड्यांवर तो रुजला आणि नावारूपाला आला. १८६८ साली आंतोनिओ कार्पेने या रसायनशास्त्रज्ञाने तिथे मद्याची पेढी काढली, आणि १८७६ साली कोनेल्यानोत इटलीतली पहिली मद्यविद्येची शाळा निघाली.

फेसाची युक्ती तिसऱ्याच ठिकाणची. शँपेनमध्ये दुसरे आंबवण प्रत्येक बाटलीत वेगवेगळे होते. त्याला वेळ फार आणि मेहनतही फार. १८९५ साली आस्ती येथील फेदेरिको मार्तिनोत्ती याने हे काम एका मोठ्या बंद टाकीत करण्याची रीत काढली. १९०७ साली यूजेन शार्मा या फ्रेंच माणसाने ती सुधारली. रस आंबवून प्रथम साधे मद्य करावयाचे, मग साखर व यीस्ट घालून ते दाब सोसणाऱ्या टाकीत कोंडावयाचे. आंबताना सुटणाऱ्या कर्बवायूला वाट मिळत नाही, म्हणून तो मद्यातच विरघळतो. निदान ३० दिवसांनंतर ते थंड करून, गाळून, दाब जाऊ न देता बाटल्यांत भरतात. खर्च वाचतो, आणि द्राक्षाचा ताजा सुवास टिकतो.

मागणी वाढली तशी अडचण उभी राहिली. प्रोसेको हे द्राक्षाचे नाव असल्यामुळे तो वेल लावणारा कोणीही ते वापरू शकत होता. २००९ साली इटलीने तोड काढली. द्राक्षाचे नाव ‘ग्लेरा’ ठरविले, आणि ‘प्रोसेको’ हे ईशान्येकडील नऊ जिल्ह्यांच्या प्रदेशाचे नाव केले. त्रिएस्तेजवळचे ते मूळ गाव या हद्दीत घेतले, तेव्हाच नावाला भूगोलाचा आधार मिळाला.

परंतु ऑस्ट्रेलियात किंग नदीच्या खोऱ्यात, वाल्दोब्बियादेनेहून गेलेल्या एका कुटुंबाने त्याआधीच हे वेल लावले होते. २०१३ साली युरोपने तिथे या नावाचे संरक्षण मागितले. तिथल्या मद्यकारांनी हरकत घेतली, आणि ती मान्य झाली. भेसळीपासून नाव राखणे योग्यच. टेकड्यांवरच्या शेतकऱ्याचे पोट त्यावर आहे. तरीही ज्याने आजोळचा वेल त्याच्या नावासकट परदेशी नेला, त्याला चोर कसे म्हणावे? कायद्याने हद्द आखता येते. वेलाबरोबर गेलेली माणसे त्या हद्दीत मावतातच असे नाही.