सहा पेन्स कानाला, शिलिंग कागदाला : शाळेतल्या गाण्याचे गुण

गाणाऱ्या मुलाला गुण द्यायचे ते नेमके कशाचे? दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर थेट पैशांत दिले गेले.

१८६२ साली तेथे रॉबर्ट लो यांनी ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत आणली. निरीक्षक शाळेत येई, मुलांचे वाचन, लेखन आणि गणित तपासे, आणि त्यावर शाळेचे अनुदान ठरे. गाण्याला त्यात मोल नव्हते. ज्याला पैसे नाहीत त्याला वेळ कोण देणार? पुढे गाणे यादीत आले आणि १८८२ च्या नियमावलीने त्याचे दरही लावून दिले. मुले ऐकून गात असतील तर दरडोई सहा पेन्स. स्वरलिपी वाचून गात असतील तर एक शिलिंग, म्हणजे बरोबर दुप्पट.

निकालावर अनुदान तोलण्याची ही रीत १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यातही आली. मात्र सहा पेन्स आणि शिलिंग यांचा हिशेब बारामती-इंदापूरच्या मुलखाला लावून पाहावा, म्हणजे त्यातली गोम कळते.

बारामती हे मोरोपंतांचे गाव (१७२९–१७९४). त्यांच्या आर्या पोथीत लिहिल्या गेल्या खऱ्या, पण घराघरांत पोहोचल्या त्या कीर्तनकारांच्या गळ्यातून. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर करीत पंढरपूरला जाते. त्या वाटेवर अभंगाची चाल कागदावरून कोणी शिकत नाही. जात्यावरची ओवी आईकडून लेकीकडे गेली. हलगीचे बोल बापाच्या हाताकडे पाहत पोरगा उचलत असे. हे सारे कानाचे शिक्षण. लंडनच्या दराने मोजले तर या अख्ख्या मुलखाची किंमत सहा पेन्स!

मराठी मुलखात अमेरिकन मिशन १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला पोहोचले. बारामती-इंदापूर भागात विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’चे मिशनरी आले. मिशनच्या शाळेत दिवसाची सुरुवात प्रार्थनागीताने होई, त्यामुळे गायन हा तेथे नित्याचाच भाग होता. पण गायचे काय? सुरुवातीची बरीच गीते भाषांतरित होती आणि चाली विलायती. इंग्रजी स्तोत्राचा परिचित साचा ८-६-८-६ अक्षरांचा आणि आघातावर चालणारा. मराठी पद्य चालते ते अक्षरसंख्येवर किंवा लघु-गुरूवर. विलायती चालीत मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व अक्षर लांबते, दीर्घ आखडते आणि ओळ परकी वाटू लागते. आठ वर्षांच्या मुलाने असे गीत अडखळत म्हटले, तर चूक मुलाची की गीताची?

कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्यामागून रेव्हरंड नारायण वामन टिळक (बाप्तिस्मा १८९५) यांनी हा पेच सोडवला. त्यांनी ख्रिस्ती आशयाला देशी चाली, पदे, भजने आणि अभंग दिले. मोठ्या अभंगाचा ६-६-६-४ हा साचा मुलांच्या कानात आधीपासून होता. टिळकांची गीते ‘उपासना-संगीता’त रुजली आणि मराठी ख्रिस्ती घरांत पाठ झाली.

एक जागा मात्र रिकामीच राहिली. नगरकडच्या मिशनमंडळ्यांत महार-मांग समाजातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती, आणि हलगी-सनई हे मांगांचे पिढीजात काम. ती कला होती आणि गावकीने लादलेली चाकरीही. त्या चाकरीतून सुटू पाहणाऱ्या बापाला आपल्या पोराने शाळेत हलगीच वाजवावी, असे वाटले असते का?

पाश्चात्त्य बाजूनेही तोडगा निघाला होता. जॉन कर्वेन या पाद्र्याने रविवारच्या शाळांतील गरीब मुलांसाठी ‘टॉनिक सोल्फा’ ही लिपी रूढ केली. पाच रेघांचा महागडा छापखाना नको. नुसत्या अक्षरांत स्वर लिहायचे. पायरीपायरीची प्रमाणपत्रेही त्यात होती. गंमत अशी की तिच्यातला ‘डो’ आपल्या ‘सा’सारखाच हलता आहे; गायकाच्या पट्टीनुसार तो बसतो. मींडेचे काय करायचे, हे मात्र ती अक्षरे सांगू शकत नाहीत.

कागदाचा हा दबाव पुढे शास्त्रीय संगीतावरही आला. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गुरूच्या घरातली विद्या वर्ग, पुस्तके व स्वरलिपी यांत आणली. भातखंड्यांनीही स्वरलिपी घडवली. १९३१ नंतर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे गावोगावच्या मुलांना संगीताची प्रमाणपत्रे मिळू लागली.

मिशनची असो वा जिल्हा परिषदेची, महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. ‘कला’ विषयाला लेखी परीक्षा नाही. वर्षभराच्या निरीक्षणावरून अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी द्यायच्या आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद करायची. कानाला पुन्हा मान मिळावा अशी ही सोय. पण तयार नोंदींच्या याद्या लवकरच शिक्षकांमध्ये फिरू लागल्या, आणि ‘कविता तालासुरात म्हणतो’ हे एकच वाक्य अनेक मुलांच्या नावांपुढे उतरवले जाऊ लागले.